बाबांचे डबे, माझे बुकशेल्फ आणि होम थिएटरची पिल्लं: एका हॉलमध्ये नांदतील का?

सायली_मुलुंड

घराचं रंगकाम काढलंय. माळा रिकामा केला तर त्यातून इतके स्पीकर निघाले की नवऱ्याने थेट भंगारवाल्याला बोलावलं. त्याला जिन्यातूनच परत पाठवलाय, म्हणजे आता यातून काहीतरी वाजवून दाखवणं आलं. जाणकारांनी हात द्यावा.

माल असा आहे. बाबांचे दोन उभे डबे, दहा इंची वूफर (बेसचा मोठा कोन), थ्री-वे, मागे ८ ओहम लिहिलेले, जुन्या माहितीपत्रकात ९० डेसिबल. त्यांचाच स्टिरिओ ॲम्प, चालू आहे, पुढे ए, बी आणि ए+बी असं बटण. मी नोकरीला लागल्यावर घेतलेले बुकशेल्फ, म्हणजे फळीवर मावणारे छोटे स्पीकर, ६ ओहम, ८६ डेसिबल. एका जुन्या डीव्हीडी होम थिएटरची पाच पिल्लं, प्रत्येकी ३ ओहम, आणि त्याचा सब, म्हणजे बेससाठीचा सबवूफर (प्लेअर केव्हाच गेला). शिवाय दिरांनी परदेशी जाताना दिलेला ५.१ रिसीव्हर (पाच स्पीकर आणि एका सबचा आवाज सांभाळणारा ॲम्प) आणि सोबत एक सेंटर, म्हणजे मधे ठेवायचा स्पीकर, ६ ओहम, तिसऱ्याच कंपनीचा. रिसीव्हरच्या पाठीवर ६ ते १६ ओहम छापलंय.

हॉल दहा बाय पंधरा. टीव्ही दहा फुटांच्या भिंतीवर, समोर तिघांचा सोफा. उजव्या भिंतीला दिवाण, त्यावर सासूबाई. संध्याकाळी टीव्ही त्यांचाच.

पुढे बाबांचे डबे आणि माझे बुकशेल्फ दोन्ही एकदम लावले तर आवाज भरदार होईल का? सेंटर वेगळ्या कंपनीचा चालतो का? पिल्लांचं काय करू? वायर सोडून नवीन काही घ्यायचं नाही.

घाटकोपरचा_गोट्या

सगळं विका, साउंडबार घ्या. विषय संपला.

सायली_मुलुंड

@गोट्या, हा नवऱ्याचा डुप्लिकेट आयडी तर नाही ना?

ओहमशांती

साउंडबार राहू द्या. माल चांगला आहे, कोणाला कुठलं काम द्यायचं एवढंच ठरवायचंय.

पहिल्या प्रश्नाला माझा स्पष्ट नकार. ८ आणि ६ ओहम पॅरलल जोडले की गुणाकार भागिले बेरीज, ४८ भागिले १४, साधारण ३.४ ओहम. रिसीव्हर म्हणतोय ६ च्या खाली उतरू नका, कारण ओहम जितके कमी तितका ॲम्पवर ताण जास्त. हळू आवाजात कदाचित काही कळणारही नाही, पण रविवारी कोणीतरी आवाज वाढवेल आणि तो प्रोटेक्शनमध्ये जाऊन बंद पडेल. प्रोटेक्शन धड नसेल तर आउटपुट ट्रान्झिस्टर जातील. बाबांच्या ॲम्पची पाठही वाचा. बऱ्याच ॲम्पवर 'ए किंवा बी: ४ ते १६, ए+बी: ८ ते १६' अशा धर्तीचं काहीतरी छापलेलं असतं. तसंच असेल तर ए+बी साठी दोन्ही जोड्या निदान ८ च्या हव्यात, तुमचे बुकशेल्फ ६ चे आहेत.

समजा ओहमचं गणित जमलं, तरी सेन्सिटिव्हिटी आडवी येते, म्हणजे तेवढ्याच पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो तो डेसिबलचा आकडा. ९० आणि ८६ मध्ये ४ डेसिबलचा फरक आहे. म्हणजे बुकशेल्फना बाबांच्या डब्यांइतकं वाजायला अडीचपट पॉवर लागेल, आणि एकाच टर्मिनलवर जोडल्यावर ती वेगळी देता येत नाही. डबे बोलत राहतील, बुकशेल्फ मागून पुटपुटत राहतील.

आणि तेही सुटलं तरी एकच आवाज दोन ठिकाणांहून कानाला येणार. हवेत १००० हर्ट्झची लहर साधारण ३४ सेंटिमीटरची असते. एक डबा दुसऱ्यापेक्षा कानापासून १७ सेंटिमीटर लांब असेल तर १००० हर्ट्झला दोघं एकमेकांना खाऊन टाकतात, २००० ला जोर देतात, ३००० ला पुन्हा खातात. वर असंच चालू. नेमका माणसाचा आवाज जिथे असतो तिथेच हे खड्डे. सोफ्यावर जरा सरकलात की खड्डे वेगळ्या जागी. पहिल्या पाच मिनिटांत 'वा, काय भरलंय' वाटतं, कारण एकूण आवाज वाढलेला असतो. नंतर गाणारीचे शब्द लागेनासे होतात.

मंडळाचा_डीजे

ओहमभाऊ, मान आहे तुम्हाला, पण आमच्या लालबागच्या गल्लीत गणपतीत एका ॲम्पला चार जातीचे भोंगे नि कॉलम लागलेले असतात. कधी काही जळलं नाही. सायलीताईंनी पॅरललऐवजी सिरीज करावं, ८ अधिक ६ चौदा ओहम, ॲम्प खूश.

ओहमशांती

डीजेभाऊ, तुमच्या ॲम्पच्या मागे ४, ८, १६ ओहमच्या शेजारी ७० आणि १०० व्होल्टचेही स्क्रू असतात ना? आणि प्रत्येक भोंग्याच्या बुडाशी एलएमटी, म्हणजे लाइन मॅचिंग ट्रान्सफॉर्मर. तिथे ओहम बघतच नाहीत, वॅट मोजतात. १०० व्होल्टच्या लाइनवर १० वॅटचा टॅप लावला की तो भोंगा ॲम्पला १००० ओहमचा दिसतो. असे चार जातीचे दहा लटकवले आणि वॅटची बेरीज ॲम्पच्या आत राहिली की झालं. गल्लीत कुठल्या भोंग्याने कुठला सूर खाल्ला हे ऐकायला कोणी बसत नाही, आरती लांबपर्यंत पोचली पाहिजे. घरच्या ॲम्पला असा ट्रान्सफॉर्मर नसतो, स्पीकर थेट त्याच्या गळ्यात.

सिरीजने ॲम्प वाचेल हे खरं, आवाज मात्र बिघडेल. स्पीकरवर लिहिलेले ८ ओहम सगळ्या सुरांना ८ नसतात. वूफरच्या रेझोनन्सपाशी तेच ३०-४० वर जातात. सिरीजमध्ये व्होल्टेज ओहमच्या प्रमाणात वाटलं जातं, तेव्हा ज्या सुरावर एकाचा ओहम चढला तिथे तो दुसऱ्याच्या वाट्याचं खातो. बाबांच्या डब्याचा बेस बुकशेल्फ ठरवणार आणि उलट. शिवाय ॲम्पची कोनवरची पकड सुटते, बेस सैल पडतो. अगदी एकसारखे दोन असतील तर मात्र सिरीज चालते, कारण दोघांचा ओहम एकाच वेळी चढतो-उतरतो. हे लक्षात ठेवा, पिल्लांसाठी लागणार आहे.

मंडळाचा_डीजे

एलएमटीचं पटलं. इतकी वर्षं लावतोय, पण १००० ओहमचा हिशोब कोणी सांगितला नव्हता. _/\_

तबकडी

सायली, बाबांचे डबे टाकू नकोस गं. दहा इंची कागदी कोनमधून तबला जसा येतो तसा आता काड्यापेटीएवढ्या खोक्यांतून ऐकायचा म्हणजे शिक्षा.

एक जुनं मत मांडतो. १९७० च्या आधीची आपली बहुतेक गाणी, हिंदी असोत वा मराठी, मोनोच आहेत. ब्लूमलाइनसाहेबांनी स्टिरिओचं पेटंट १९३१ साली लंडनमध्ये मागितलं, पण आपल्याकडे घराघरांत दोन डबे यायला बराच काळ गेला. मोनो गाणं दोन वेगवेगळ्या स्पीकरवर लावलंस, डावीकडे एक नि उजवीकडे दुसरा, तर गायिका मधोमध उभी राहत नाही. तिचा खर्ज एका डब्यात आणि सकार-शकार दुसऱ्या डब्यात. असे लोक मी पाहिलेत, ज्यांचा एक डबा गेला की दुसऱ्या कंपनीचा एक आणून जोडी लावतात. त्यापेक्षा उरलेला चांगला डबा एकटा लावावा आणि भावगीतं मोनोत ऐकावीत.

मापपट्टी

काकांना +१. जोडी मोडायची नाही, बाकी सगळ्याला वाटाघाटी आहेत. कागदोपत्री पाचही स्पीकर एकसारखे हवेत. आयटीयूची (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची) बीएस.७७५ ही शिफारस आहे, तिच्यात पुढचे दोन मध्यापासून ३० अंशांवर आणि मागचे १०० ते १२० अंशांवर. पण मुंबईत दरवाजा, फ्रिज आणि देव्हारा जागा सोडतील तेवढीच आपली.

सेंटरबद्दल कंपनीचं नाव बघू नका, ऐकून ठरवा. रिसीव्हरच्या मेनूमध्ये टेस्ट टोन असतो, तो एकेका स्पीकरवर फिरणारा 'श्श्श'. डोळे मिटून सोफ्याच्या मधे बसा. डावीकडून सेंटरकडे जाताना 'श्श्श' जागा बदलेल हे ठीक, पण त्याचा रंग बदलतो का ते ऐका. नाकात गेल्यासारखा, डब्यात बोलल्यासारखा, पातळ वगैरे. आधी तिन्हींची पातळी सारखी करून घ्या, नाहीतर जो मोठा तोच गोड वाटतो. फोनवरचं आवाज मोजायचं ॲप या कामाला पुरतं, आकडा खरा नसला तरी तुलना होते.

एकदा बाबांचे डबे डावी-उजवीकडे लावून करा, एकदा बुकशेल्फ लावून. मग इथे लिहा.

दुसरा_मजला

मी असल्या घरांच्या खालच्या मजल्यावर राहतो. कृपया दहा इंची वूफर हा शब्द धाग्यातून काढावा. रात्री दहा ते सकाळी सहा नियम आहे, २००० सालचा, निवासी भागात रात्री ४५ डेसिबल. हलके घ्या. पण घ्या.

घाटकोपरचा_गोट्या

४५ तर आमच्या पंख्याचा असेल.

सायली_मुलुंड

सगळ्यांचे आभार, इतकं मिळेल वाटलं नव्हतं. शनिवारी रंगारी आलाच नाही, त्यामुळे प्रयोग केले.

टेस्ट टोन: बाबांचे डबे पुढे असताना सेंटरवर येताच 'श्श्श' एकदम नळीतून आल्यासारखा. नवऱ्यालासुद्धा कळला, आणि तो या प्रकरणात शत्रूपक्षात आहे. बुकशेल्फ पुढे असताना फरक कळतो, पण लक्ष दिलं तर.

दोन अडचणी. मल्टिमीटर लावला तर बाबांचे डबे ८ ऐवजी ६.४ दाखवतात, खराब झालेत का? आणि डावा डबा मोठ्या आवाजात फरफरतो. जाळी काढली तर वूफरच्या कडेचा फोम बोटाला लागून भुसा झाला.

ओहमशांती

६.४ अगदी निरोगी. मीटर डीसी रेझिस्टन्स दाखवतो, ८ ओहमच्या स्पीकरला तो ६ ते ७ च्या दरम्यानच येतो. ४ वाल्याला ३ ते साडेतीन. लेबल पडलेल्या स्पीकरची जात ओळखायला हे बरं.

फोमचं तबकडीकाका सांगतील, त्यांनी सगळं भोगलंय.

तबकडी

आपल्या दमट हवेत फोमची कड टिकत नाही, वाजवा किंवा माळ्यावर ठेवा. रबराची कड असलेले तरतात. माझ्या सोनोडाइनच्या जोडीची कड रबराची, अजून धडधाकट.

घाबरू नकोस, कोन आणि कॉईल ठीक असेल तर फक्त कड बदलून मिळते. ग्रँट रोड स्टेशनला पूर्वेला उतर, लॅमिंग्टन रोडला लाग. मोठ्या शोरूममध्ये विचारू नकोस, आतल्या गल्ल्यांत स्पीकर दुरुस्तीवाले बसतात. तीन गोष्टी सांभाळ. सगळा डबा नेऊ नकोस, वूफर उघडून ने, वायरच्या कुठल्या टोकाला कुठली तार होती त्याचा आधी फोटो काढ. डाव्याचीच कड गेली असली तरी दोन्हींच्या बदल, एका वयाच्या हव्यात, नाहीतर जोडी कसली. आणि दुकानदार म्हणाला 'मॅडम, नवा वूफर टाकून देतो, जास्त वॅटचा', तर हात जोडून निघ. डब्याचं आकारमान आणि आतला क्रॉसओव्हर (कोणता सूर कुठल्या कोनला जाईल ते वाटणारं सर्किट) जुन्या वूफरवर बेतलेला असतो, वॅट जास्त म्हणजे आवाज चांगला असं काही नाही.

चोरबाजारात जोड शोधायला जाणार असलीस तर मटन स्ट्रीटची दुकानं शुक्रवारी बंद असतात.

घाटकोपरचा_गोट्या

वॅटवरून आठवलं, आमच्या टू-इन-वनवर १००० वॅट पीएमपीओ लिहिलेलं होतं. सहा सेलवर चालायचा.

ओहमशांती

पीएमपीओ हा आकडा स्टिकरवाला ठरवायचा. पुढे चला.

सायलीताई, आता तुमच्या घराची मांडणी सांगतो. नवीन काही न घेता.

पुढे डावी-उजवीकडे बुकशेल्फ, मधे दिरांचा सेंटर. तिन्ही ६ ओहम, रिसीव्हरला चालतील. रिसीव्हरमध्ये तिन्ही 'स्मॉल' करा. तो स्मॉल स्पीकरच्या आकाराबद्दल नसतो, 'याच्याकडे खालचा बेस पाठवू नकोस' एवढाच त्याचा अर्थ.

बेस कोणाकडे? बाबांच्या डब्यांकडे. रिसीव्हरच्या मागे सबवूफर प्री-आउट असं एक आरसीए भोक असेल, त्यातून बेसचा सिग्नल ॲम्पने न वाढवता बाहेर येतो. तिथून एका वायरने आणि वाय जोडाने बाबांच्या स्टिरिओ ॲम्पच्या ऑक्स इनपुटच्या डाव्या-उजव्या दोन्हींत. ॲम्पला फक्त बाबांचे डबे, बी बंद. झाले दोन दहा इंची सबवूफर. टोन मधे, लाउडनेस बंद.

इथे वेगळी कंपनी, वेगळा ओहम, वेगळी सेन्सिटिव्हिटी काहीच आडवं येत नाही. ओहम स्वतःच्या ॲम्पचा स्वतः बघतो. सेन्सिटिव्हिटी ॲम्पच्या नॉबने जुळते. आणि ८० हर्ट्झच्या खाली आवाज कुठून येतोय ते कानाला सहसा कळत नाही, माणसाच्या आवाजाचा रंग त्याच्या वरच असतो, म्हणून दोन जातीचे स्पीकर एकमेकांच्या हद्दीत येत नाहीत.

मोबाइलवरून किंवा सीडीवरून गाणी ऐकायची असतील तेव्हा ॲम्पचा सिलेक्टर ऑक्सवरून सीडीवर. रिसीव्हर बंद. डबे पूर्ण रेंजमध्ये स्टिरिओ, बाबा ऐकायचे तसेच.

जागेचं म्हणाल तर बुकशेल्फ डब्यांच्याच डोक्यावर, खाली रबराचे तुकडे टाकून. फार उंच वाटले तर उलटे ठेवा, ट्विटर (वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर) खाली येईल, सोफ्यावरच्या कानाच्या जवळ.

तबकडी

उत्तम. डब्यांना पेन्शनवर न पाठवता काम दिलंस.

मापपट्टी

मांडणी आवडली. एक भर आणि एक शंका.

भर: दहा फुटांच्या भिंतींमधे साधारण ५६ हर्ट्झला खोली स्वतःच घुमते, पंधरा फुटांत ३७-३८ ला. डबे अगदी कोपऱ्यात असतील तर हे दुप्पट त्रास देतात. जमेल तेवढे कोपऱ्यातून बाहेर. मागे किंवा पुढे भोक असेल तर त्यात जुना मोजा कोंबून बघा, घुमणं कमी होतं.

शंका: बाबांचा ॲम्प आणि रिसीव्हर वेगवेगळ्या सॉकेटवर असले तर 'हूँऽऽ' येण्याची शक्यता बरीच.

ओहमशांती

बरोबर. दोन्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डवर, आणि बोर्ड अर्थिंग असलेल्या तीन पिनच्या सॉकेटमध्ये. अर्थ पिन कापणारे सल्लागार भेटतील, त्यांचं ऐकू नका.

सायली_मुलुंड

हे वाचून नवरासुद्धा कागदावर आकृती काढायला बसला. पिल्लं राहिली पण. आणि सेंटर पूर्ण काढून टाकला तर? रंगाचा प्रश्नच मिटेल ना.

मापपट्टी

सेंटर 'नन' केला तर संवाद डावी-उजवीकडे सारखे वाटले जातात आणि मधे बसणाऱ्याला ते पडद्यातूनच येतात असं वाटतं. एकट्याने बघणाऱ्याला मी हेच सांगेन. पण तुमच्या सासूबाई दिवाणावर, उजव्या स्पीकरच्या कुशीत. कान आधी पोचलेल्या आवाजाच्या दिशेला झुकतो, त्यामुळे त्यांना सगळी पात्रं उजव्या डब्यात राहायला गेल्यासारखी वाटतील. तुमच्या घरात सेंटर ठेवा. रंगातला थोडा फरक रिसीव्हरचं ऑटो सेटअप कमी करेल. माइक आला असेल ना सोबत?

दुसरा_मजला

पण हे ऑडिसी, वायपाओ वगैरे माइकवाले ऑटो सेटअप सगळं सारखं करतात ना? मग इतका काथ्याकूट कशाला, पाच वेगळे लावा आणि माइक ठेवा.

मापपट्टी

नाही करत. माइक जिथे ठेवलात तिथे कुठला सूर किती येतोय ते तो मोजतो आणि कमी-जास्त करतो. पातळी आणि अंतर तर झकास जुळवतो, एक फूट म्हणजे साधारण ०.९ मिलिसेकंद, तेवढा उशीर देतो. पण एका स्पीकरचा ट्विटर आवाज रुंद फेकतो आणि दुसऱ्याचा अरुंद, हे त्याला बदलता येत नाही. भिंतीवरून परतणारा आवाज वेगळाच राहतो, आणि आपल्या टाइल्स-काचांच्या हॉलमध्ये परतणाराच फार. तीन इंची कोनला बेस देण्याचाही प्रयत्न करतात काही रिसीव्हर, तो कोन बिचारा फडफडतो. म्हणून माइक शेवटी, आधी कामं नीट वाटायची.

मोजताना पंखा बंद, खिडक्या बंद, माइक कॅमेऱ्याच्या स्टँडवर कानाच्या उंचीला. सोफ्याच्या उशीवर ठेवू नका. लोकल जात असेल तर थांबा, तो टोन पुन्हा घ्या.

ओहमशांती

आता पिल्लं. ३ ओहम रिसीव्हरला थेट लावायची नाहीत. पण पाच एकसारखी आहेत, म्हणून दोन-दोन सिरीज. ३ अधिक ३ सहा, रिसीव्हरची अट पूर्ण, आणि एकाच घाण्यातली असल्याने व्होल्टेज निम्मं-निम्मं वाटलं जातं. डाव्या सराउंडला दोन, उजव्याला दोन. एक सोफ्याच्या किंचित मागे बाजूच्या भिंतीवर, दुसरं मागच्या भिंतीवर, दोन्ही डोक्याच्या वर.

आता कोणी म्हणेल, पुढे दोन जोड्या नको म्हणालात आणि मागे दोन-दोन कशी? मागून पाऊस, गर्दी, टाळ्या येतात, त्या नेमक्या एका बिंदूतून यायला नकोच असतात. थिएटरच्या बाजूच्या भिंतींवर ओळीने स्पीकर असतात, जुन्या ५.१ मध्ये त्या सगळ्या ओळीला एकच सिग्नल जायचा.

जोडणी: रिसीव्हरचा प्लस पहिल्याच्या प्लसला, पहिल्याचा मायनस दुसऱ्याच्या प्लसला, दुसऱ्याचा मायनस रिसीव्हरच्या मायनसला. पिल्लांच्या वायरला रंगीत कंपनी-प्लग असतील ते कापावे लागतील, तेव्हा प्लस-मायनसची खात्री करा. दीड व्होल्टचा पेन्सिल सेल क्षणभर टेकवा. कोन बाहेर आला तर सेलचा प्लस जिथे टेकवला तो प्लस. हे कोन दिसणाऱ्या स्पीकरवरच, सुट्या ट्विटरला सेल लावू नका. एक जरी उलटा जोडला गेला तर बेस पोकळ होतो आणि लोक महिनाभर क्रॉसओव्हरशी भांडत बसतात.

रिसीव्हरमध्ये प्रत्येक जोडीला वेगळा क्रॉसओव्हर (ज्याच्या खालचा बेस सबकडे जातो तो आकडा) देता येत असेल तर पिल्लांना १५० हर्ट्झ, बुकशेल्फ आणि सेंटरला ८०. सगळ्यांना मिळून एकच असेल तर १२०. तसा १२० ला बेसची दिशा थोडी कळते, पण तुमचे सब बुकशेल्फच्या पायाशीच उभे आहेत, बिघडत नाही.

मागची वायर चौकटीवरून फिरून दहा मीटर होईल. लोहार चाळीतून किंवा कोपऱ्यावरच्या इलेक्ट्रिकवाल्याकडून दीड स्क्वेअर एमएमची मल्टिस्ट्रँड घ्या. जाऊन-येऊन वीस मीटर तांबं, साधारण ०.२३ ओहम. सहा ओहमपुढे नगण्य. सोनेरी वेष्टनातली 'ऑडिओफाइल' वायर दाखवतील, हसून परत द्या.

घाटकोपरचा_गोट्या

वाचनखूण साठवली. साउंडबारवाला सल्ला मागे घेतो.

सायली_मुलुंड

रंग झाला, दोन्ही वूफरच्या कडा लॅमिंग्टन रोडला बदलून आणल्या (दुकानदाराने 'जास्त वॅटचा' विचारलंच), आणि सगळं लावलं.

हूँऽऽ आला होता, एका बोर्डवर घेतल्यावर गेला. मोजा कोंबल्यावर तंबोऱ्याचा खालचा सूर सुटा ऐकू यायला लागला, तोवर नुसती भिंत घुमत होती. दोन पिल्लं जोडताना सेलचा प्रयोग मुलाने केला, आता तो घरातल्या सगळ्या स्पीकरना सेल लावायला निघालाय, थोपवलंय. पाऊस खरंच मागून येतो. संवाद अजून जरा मागे वाटतात, सासूबाई म्हणतात पार्श्वसंगीताचा आवाज कमी कर. आणि ॲम्पचा नॉब गाण्यांसाठी फिरवला की सबची पातळी दर वेळी हुकते.

ओहमशांती

सेंटरची पातळी २-३ डेसिबल वर घ्या, ऑटो सेटअप झाल्यावर हाताने. एवढ्याने पुरलं नाही तर सेंटर टीव्ही युनिटच्या कप्प्यात फार आत ढकललाय का बघा, कडेला ओढून पुढचं तोंड किंचित कानाकडे उचला. संध्याकाळी रिसीव्हरचा नाइट मोड चालू ठेवा, मोठे आवाज दबतात आणि बोलणं वर येतं.

नॉबला ज्या जागी सब जुळला तिथे मास्किंग टेपचा तुकडा लावा. गाणी संपली की नॉब टेपवर, सिलेक्टर ऑक्सवर.

दुसरा_मजला

आणि दहानंतर?

ओहमशांती

दहानंतर स्टिरिओ ॲम्पचं बटण बंद. खालचा बेस सगळा त्याच्याकडेच आहे, तो गेला की बुकशेल्फ आणि सेंटर ८० च्या वरचंच वाजवतात. संवाद शाबूत, स्लॅब शांत.

तबकडी

सायली, मोनो गाण्यांसाठी ॲम्पवर मोनो बटण आहे का बघ. जुन्या तबकड्यांची खरखर त्याने बरीच कमी होते.

सायली_मुलुंड

आहे काका, त्याच्यावर आधीच्या रंगाचा थेंब होता म्हणून दिसलं नव्हतं. आता उरलं एक पिल्लू आणि होम थिएटरचा तो सब. सबला रिसीव्हरच्या प्री-आउटवरून थेट लावलं तर मुका आहे.

ओहमशांती

मुकाच राहणार, त्याच्या पोटात ॲम्प नाही, तो गेलेल्या प्लेअरमध्ये होता. तुम्हाला त्याची गरजही नाही. पाचवं पिल्लू जपून ठेवा, चारपैकी एखादं गेलं तर त्याच घाण्यातलं दुसरं बाजारात मिळणार नाही.

मंडळाचा_डीजे

ताई, सब टाकणार असाल तर मी घेऊन जातो, वूफर आणि डबा दोन्ही कामाचे आहेत. रविवारी मुलुंडला येणं आहेच.

सायली_मुलुंड

घेऊन जा. पत्ता व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते. लिफ्ट बंद आहे, चौथा मजला, एक माणूस सोबत आणा.